आवाहन : वारीच्या वाटेवर हरवलेल्या आबांच्या शोधासाठी

राम कृष्ण हरी.

आमच्या गावच्या दिंडीतले एक वृद्ध वारकरी, सारा गाव ज्यांना आबा म्हणतो, गेल्या वर्षीच्या आषाढी वारीत वेळापूर ते भंडीशेगाव या टप्प्यात हरवले. त्यानंतर दुसरी आषाढीही होऊन गेली. आबांचा पत्ता नाही.

त्या दिवशी दुपारी तोंडले-बोंडल्याच्या विसाव्याला ते पंगतीत होते, भाकरी कुस्करून जेवले. पुढे सोपानकाकांच्या पालखीशी भेट झाली तेव्हा गर्दीचा एकच लोंढा आला. संध्याकाळी भंडीशेगावच्या तळावर राहुट्या लागल्या आणि त्यांची वळकटी तशीच बांधलेली राहिली. आम्ही हाका मारत मागे गेलो. ‘आबा’ म्हटलं की पन्नास पागोटी वळायची, ‘माऊली’ म्हटलं की अख्खा रस्ता वळायचा. वारीत सगळेच माऊली, तेव्हा हरवलेल्या माऊलीला शोधायचं कसं, हे त्या रात्री कळलं. तळावरच्या समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, चोपदारांनी हरवले-सापडले पुकारलं, त्यात आबांचंही वर्णन सांगितलं. वाखरीलाही सांगितलं, पंढरपुरातही सांगितलं.

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. आबांना वर्षभर विसर पडत होता. सूनबाई नको म्हणत होत्या. इतक्या वर्षांची वारी मोडू नये म्हणून हट्ट धरला तो आम्ही भजनी मंडळाने. गळ्यात तुळशीची माळ होती, पण नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी कोणी अडकवली नाही. त्यामुळे हा शोध घरच्यांवर टाकून आम्हाला मोकळं होता येणार नाही.

लहान मूल हरवलं तर पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. मोठ्या माणसाची ‘मिसिंग’ नोंद होते. ती नोंद करायलाच आमचा दीड दिवस गेला, कारण हद्द कोणाची हेच ठरेना. वारी पुढे सरकते, हद्द मागे राहते. नोंद झाली, पण बहुतेक शोध आपणच घ्यायचा हे लवकरच समजलं.

आमचा अंदाज असा, की आबा कुठल्या तरी गाडीत बसले. पंढरपूरची रेल्वे कुर्डुवाडीला मुंबई-चेन्नईच्या मुख्य मार्गाला मिळते. तिथे चुकीच्या गाडीत चढलेला माणूस सोलापूर, कलबुर्गी, वाडी करत थेट चेन्नईपर्यंत जाऊ शकतो. तिकडच्या दवाखान्यात मराठीशिवाय काही न येणारा म्हातारा म्हणजे कागदावर ‘अनोळखी इसम’. म्हणून आंध्र, तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूतल्या मराठी मंडळींना खास विनंती, की आपल्या भागातली निवारागृहं, सरकारी दवाखान्यांचे बेवारस वॉर्ड आणि देवळांचे ओटे एकदा पाहून यावेत. तिथे कोणाशी चार मराठी शब्द बोलावेत, एवढंच.

ओळख अशी : वय सत्तरीच्या पुढे, अंगाने शिडशिडीत, रंग सावळा. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर कडबाकुट्टीत गेलेलं आहे, ही पक्की खूण. डाव्या दंडावर मारुती गोंदलेला. नाव विचारलं तर बहुधा ‘माऊली’ एवढंच म्हणतील, म्हणून नावावर जाऊ नका. हातात टाळ द्या. ठेका धरून पावली खेळू लागले तर आबाच असण्याची शक्यता मोठी.

निवारागृह चालवणाऱ्यांना आणखी एक सांगणं. अनोळखी माणसाचे ठसे आधार केंद्रावर घेऊन पाहावेत. आधीचा आधार असेल तर नवी नोंदणी नाकारली जाते आणि त्यावरून घरचा माग लागल्याची उदाहरणं आहेत. शेतात राबून बोटांचे ठसे झिजलेले असले तरी बुबुळांवरून जमतं. आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार मनोरुग्ण माणूस रस्त्यावर भटकताना आढळला, तर त्याचं घर शोधणं पोलीस ठाण्याचं कर्तव्य ठरतं. हे ठाण्यात नम्रपणे, पण सांगावं.

मदत कशासाठी हवी तेही सांगतो. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर या चारही मनोरुग्णालयांत आमची माणसं जाऊन आली. कर्जतजवळचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवतं, तिथेही चौकशी केली. आता कुर्डुवाडीपासून चेन्नईपर्यंत एकेक स्टेशन उतरून पाहायचं आहे. गाडीभाडं, कन्नड, तेलुगू, तमिळमधली पत्रकं, आणि ती भाषा येणारा एखादा सोबती, हा खर्च आहे. पैशांपेक्षा सोबती मिळाला तर आधी त्याला हो म्हणू.

घरची अडचण वेगळीच आहे. आबांच्या खात्यात किसान सन्मानचे दोन हजार येऊन पडतात, काढता येत नाहीत. सातबाऱ्यावर वारसनोंद होत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मयत धरता येतो, तेही कोर्टात जाऊन. आजी त्या कागदाचं नाव काढू देत नाहीत. कुंकू लावतात, आणि त्यांना कोणी काही बोलायला जाऊ नये. घरखर्चासाठी वेगळी वर्गणी मंडळातच गोळा होते आहे, ती बाहेरून घेणार नाही.

आबांचं नाव, फोटो आणि घरचा नंबर आम्ही इथे मुद्दाम देत नाही. पहिल्या पत्रकावर दिला होता, तर ‘सापडलेत, आधी गाडीभाडं पाठवा’ असे फोन आले आणि नातवाने एकदा पैसे पाठवलेही. म्हणून कोणी दिसलं तर थेट ११२ ला किंवा ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनला कळवा. मिसिंग नोंदीवरून पोलीस आमच्यापर्यंत येतात. कार्तिकीला आमची राहुटी पंढरपुरात ‘पासष्ट एकर’ या वारकऱ्यांच्या तळावर असेल. वर्गणी तिथे पावती घेऊनच द्या. हिशोबाची वही राहुटीच्या दाराशी ठेवलेली असते, कोणीही उघडून पाहावी.

आपले,
भजनी मंडळ व समस्त ग्रामस्थ