तात्यांची तारीख

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. आईची शुगर आटोक्यात आहे, बाबांचा गुडघा कुरकुरतोय, मी ठणठणीत. तब्येतींचा विषय संपला.

तात्यांच्या तेराव्याला तू येऊन गेलास, पण त्या गर्दीत धड बोलणं झालं नाही. आता लिहितोय ते दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही म्हणून. शाळेच्या फाटकापाशी तात्यांच्या नावाचा दगड बसवायचं गावानं ठरवलंय. वर्गणी भरतीवाल्या पोरांनी काढली. तात्यांनी ज्यांना पहाटे उठवून सोळाशे मीटर पळवलं, स्टॉपवॉच घेऊन शिव्या घातल्या, ती पोरं आज कुठे कुठे पोस्टिंगला आहेत. तिथून पैसे आले. दगडावरचा मजकूर मी लिहायचा आणि कार्यक्रम ११ डिसेंबरला.

तारीख वाचून तुला कळलंच असेल.

गावाच्या लेखी ही टांगाईलची तारीख. १९७१ च्या बांगलादेश युद्धात याच दिवशी संध्याकाळच्या सुमाराला २ पॅरा, तात्यांची छत्रीधारी पलटण, तिथं उतरली, पुंगलीचा पूल धरला आणि १६ तारखेला ढाक्यात सगळ्यांत आधी शिरली. कराडच्या विजय दिवसाला त्या युद्धाची पदकं, ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’, लावून, बूट चकाकवून निघालेले तात्या सगळ्यांनी पाहिलेत. तेव्हा तारीख चुकली असं म्हणायची सोयच नाही. (फ्लेक्सवर त्यांना ‘कॅप्टन’ करून टाकलंय. हवालदार म्हणून रिटायर झालेल्या माणसाला! तात्या असते तर फ्लेक्स स्वतः उतरवला असता. जन्मतारीख मात्र मास्तरांनी लावलेली १ जून, ती कुणालाच बदलता येणार नाही.)

आजीला सांगितलं तर म्हणाली, “मी येणार नाही.” काकांना वाटलं, थकलीय. म्हणाले, गाडीनं नेतो, पुढं खुर्ची टाकतो. तर म्हणाली, “त्या दिवशी मी उंबरा ओलांडत नाही, तुला ठाऊक नाही का?” काका नुसते बघत राहिले. त्यांना खरंच ठाऊक नाही रे. काका काय, बाबा काय, दोघंही भूकंपानंतरचे. गावातली त्या वेळची माणसं एकेक करून गेली, आणि उरलीत ती तरी कुणाकुणाचं बोलणार? त्या पहाटे कितीतरी घरं मोकळी झाली.

पडवीतली ती पहाट तुझ्या डोळ्यांपुढे आहे ना? दहावीच्या वर्षी आपण तिथं झोपायचो. तू मला हलवून उठवलंस, तात्या अंगणात कुणाशी बोलतायत म्हणून. बोलत नव्हते, नुसते बसले होते, घोंगडं पायांवर आणि घड्याळ हातात. मला अजून त्यांचा तो सपाट आवाज ऐकू येतो. “चार एकवीस झाले. सदुसष्ट साली ह्याच वेळेला कोयनेचा भूकंप झाला. मी पलटणीत. रेडिओवर ऐकलं. रजा घेऊन पोचलो तोवर सगळं उरकलेलं. दगडमातीची भिंत, सगळी पाळण्यावर आलेली. ही तंबूत बसलेली, माझ्याकडं बघेना. कुसुम अकरा महिन्यांची होती.”

त्या दिवसापर्यंत आपल्याला कुसुम हे नावच माहीत नव्हतं.

मग टांगाईलचं विचारलंस ते तूच. माझी तर जीभ उचलत नव्हती. विमानात लाल बत्ती लागली तेव्हा शेजारच्यानं तारीख विचारली, ह्यांनी अकरा सांगितली, आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. भीती वाटली का, म्हणालास. “वाटली की. उडीची नाही. खाली गेलो तर हिला कोण, त्याची.” हिरवी लागली आणि उडी मारली. खाली माणसं धावत येताना दिसली, वाटलं दुश्मन. निघाले गाववाले, ‘जय बांगला’ म्हणत. दारूगोळ्याच्या पेट्या त्यांनीच डोक्यावर घेतल्या. एक बोजा तळ्यात पडलेला, तोही कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओढून काढला. एवढं सांगून म्हणाले, “घरात बोलायचं नाही. हिला त्रास होतो.” आणि आपण दोघं ते पाळत आलो.

तात्यांच्या पॅराच्या त्या मरून रंगाच्या टोपीवरून तुझं माझं किती दिवस बोलणं बंद होतं! गॅदरिंगला तू घातलीस आणि तात्यांनी सगळ्यांसमोर काढून घेतली: “आग्र्यात पाच उड्या मारून मिळते ही.” तू अजून म्हणतोस मी चुगली केली. नाही केली, शपथ. त्यांना ट्रंकेतली घडी मोडलेली कळायची.

त्या ट्रंकेचंच सांगायचंय. आजीच्या फॅमिली पेन्शनसाठी डिस्चार्ज बुक शोधत होतो. गावातल्या किती विधवांना तात्यांनी एसटीनं साताऱ्याला सैनिक कल्याण कार्यालयात नेलं, अर्ज स्वतः लिहून दिले, आणि स्वतःच्या घरचे कागद मात्र चार पिशव्यांत. तळाशी पिवळा रुमाल होता. त्यात चांदीचा एकच वाळा, काळा पडलेला, माझ्या हातातही जाईना एवढा. मी होता तसा ठेवला, कुणाला बोललो नाही. संध्याकाळी आजी भाकरी थापता थापता म्हणाली, “पिवळ्या रुमालातलं तिथंच आहे न्हवं?” मी हो म्हणालो. ती म्हणाली, “ह्यांना वाटायचं मला म्हाईत नाही.” आणि पुढची भाकरी घेतली.

म्हणजे बघ सुध्या, ते हिला त्रास नको म्हणून गप्प, आणि ही त्यांना नको म्हणून. एवढा संसार केला, शेती उभी केली, दोन पोरं शिकवली, नातवंडं पाहिली, आणि हे एक दोघांनी एकमेकांपासून सांभाळलं. तेव्हापासून मला दगडावर एक ओळसुद्धा लिहवत नाही. तात्यांना शब्द दिलाय. पण त्याच दिवशी फाटकापाशी बँड वाजणार आणि आजी घरात दार लावून बसणार, हे मला बघवणार नाही. मला वाटतं, कार्यक्रम १६ तारखेला न्यावा. ढाक्याचा दिवस म्हटलं की गावाला कारण पुरतं, कुसुमचं नाव काढायची गरज पडत नाही. पण नाव काढावं की नाही, हे आजीला विचारायला हवं. तात्यांनी गप्प बसायला सांगितलं होतं ते तिच्यासाठीच, तेव्हा तो शब्द सोडवायचा हक्क तिचाच. मी विचारायला गेलो की माझाच गळा भरून येतो. तुझ्याशी ती बोलते. लहानपणी तिच्या हातचा मार तू माझ्यापेक्षा जास्त खाल्लायस.

तुझी बदली झाली का? वहिनींना नवी नोकरी मानवली असेल. धाकटीला दात आले म्हणे, फोटो पाठव.

१० तारखेला रात्रीच ये. पाटण स्टँडवर मी गाडी घेऊन उभा राहतो. सरपंचांना तारखेचं तोवर लांबवतो.

तुझाच,
दीपक

ता. क. मजकुराचा आधीचा कच्चा कागद सोबत आहे. ‘हवालदार’ मी मोठ्या अक्षरात घातलंय. बाकी खोडाखोड तू कर.