पीकराखणीच्या गॅसतोफेने कानाला झालेल्या इजेबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या कंपनीची गॅसवर चालणारी, नुसत्या मोठ्या आवाजाने जनावरे पळवणारी तोफ मी हरभरा पेरून झाल्यावर सेलूच्या एका कृषी केंद्रातून घेतली. तिच्या एका बाराने माझा उजवा कान गेला. त्या कानाने वरच्या सुरातले आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि जे येते त्यावर रात्रंदिवस एक बारीक शिट्टी वाजत असते. माझी तक्रार तोफेच्या बनावटीबद्दल आहे आणि तुमच्या माहितीपत्रकाबद्दलही आहे. आवाज किती दूरवर जातो हे त्यात ठळक अक्षरांत छापले आहे. तोफेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कानाचे काय होते, याबद्दल एक ओळ नाही.

ही तोफ आम्ही का घेतो ते आधी सांगतो. माझे वावर बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठावर आहे. सोयाबीन निघाले की रानडुकरांचे कळप आणि रोही (नीलगायी) तुरीवर, हरभऱ्यावर तुटून पडतात. डुकरे एका रात्रीत या धुऱ्यापासून (बांधापासून) त्या धुऱ्यापर्यंत वावर उकरून ठेवतात. जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, गेल्याशिवाय पीक घरी येत नाही, आणि जागलीला जायचे तर वाघाची भीती. काही जण कुंपणाच्या तारेत लाइनचा करंट सोडतात. त्यात माणसे मेली, वाघही मेले, आणि तो गुन्हा आहे. ज्याला कायदा पाळून राखण करायची आहे तो झटका मशीन (तारेत जीव न घेणारा हलका झटका सोडणारे यंत्र) घेतो, नाही तर तुमची तोफ. तुमचा प्रतिनिधी गावात आला तेव्हा हेच बोलला होता, “भाऊ, करंट नाही, छर्रे नाहीत, कोणाच्या जिवाला धोका नाही.” त्याच्यावर विश्वास ठेवून आमच्या गावात बऱ्याच जणांनी तोफा घेतल्या.

घडले ते असे. संध्याकाळी सिलिंडरची चावी उघडली आणि दोन बारांमधला वेळ ठरवायचे बटन फिरवायला वाकलो. हे बटन तुम्ही नळीच्या तोंडाखाली, पुढच्या पायाजवळ बसवले आहे. ते फिरवायचे तर माणसाचा कान नळीच्या तोंडापासून हातभरही लांब राहत नाही. डब्यात गॅस आधीच भरला होता की ठिणगी वेळेआधी पडली, ते तुम्ही यंत्र तपासून सांगा. बटनाला हात लागला आणि बार झाला. दुखल्याचे आठवत नाही. एकदम सगळे बंद झाले. बायको धुऱ्यावरून धावत येत होती, तिचे तोंड हलताना दिसत होते, शब्द एकही येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. मला फोनवर काही कळत नसल्यामुळे बायको बोलली. तिला उत्तर मिळाले, “ताई, बाराने कान बसतो, दोन-चार दिवसांत आपोआप मोकळा होतो.” आम्ही त्या शब्दावर थांबलो. शेजाऱ्यांनी लसणाचे गरम तेल टाकायला सांगितले होते, पण गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंनी टाकू दिले नाही. पडदा फाटला असेल तर कानात तेल-पाण्याचा थेंबही जाता कामा नये, असे त्यांनी बजावले आणि आम्हाला दवाखान्यात पाठवले.

नागपूरच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले. पडद्याला लहान भोक पडले होते. असे भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपले आपण भरते, तसे माझेही भरले. खरी इजा आतल्या कानात आहे. तिथे आवाज टिपणाऱ्या अतिशय बारीक केसपेशी असतात. डॉक्टर म्हणाले, गारपिटीने गहू आडवा होतो तशा त्या बाराने आडव्या होतात; काही पुन्हा उभ्या राहतात, पण ज्या मेल्या त्या माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजात कानातला एक छोटा स्नायू आवळून आतल्या भागाला थोडे वाचवतो. पण बार इतक्या झटक्यात होतो की तो आवळायच्या आत मार बसून गेलेला असतो. ऑडिओमेट्रीच्या (ऐकण्याच्या तपासणीच्या) कागदावर माझ्या उजव्या कानाची रेघ चार हजार हर्ट्झपाशी खोल खाली गेली आहे. दणक्याने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण आहे, असे डॉक्टरांनी दाखवून दिले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो उशीर का केला हाच. अशा इजेत स्टेरॉइडची औषधे देऊन पाहतात, आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी आशा जास्त. दोन आठवडे उलटल्यावर उपयोग फार कमी राहतो. वेळेत गेलो असतो तर माझे ऐकणे किती परत आले असते, हे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. पण ते मोलाचे दिवस तुमच्या माणसाच्या शब्दावर गेले. “ताबडतोब कानाच्या डॉक्टरकडे जा” एवढे सांगायला त्याचे काय जात होते?

आता तुमच्या माहितीपत्रकातल्या आकड्याकडे येतो. त्यात ‘१३० डेसिबल’ लिहिले आहे, पण किती अंतरावर मोजले ते लिहिलेले नाही. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने मला समजावले की अंतर सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. ४ मीटरवरून अर्ध्या मीटरवर आले तर अंतर तीनदा निम्मे होते, म्हणजे १८ डेसिबलची भर. फटाक्यांसाठी आपल्या देशात नियम आहे: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल किंवा शिखरमापाने (बाराच्या क्षणीचा सर्वांत मोठा आवाज धरून) १४५ डेसिबल, याच्या वर जाणारा फटाका बनवायला आणि विकायला बंदी. तिथे अंतर आणि मोजण्याची रीत दोन्ही ठरलेली आहे. जी तोफ रोज रात्री वावरात वाजवायची, तिचे माप तुम्ही कुठे, किती अंतरावर, कोणाकडून घेतले? मला त्याचा कागद पाहिजे.

एक कान चांगला आहे, मग अडते कुठे, असे कोणी म्हणेल. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही. जंगलाकाठी राहणारा माणूस कानावर जगतो. चितळाने हाक दिली, वानर खाकरले, की वाघ कोणत्या अंगाला आहे ते आम्ही ओळखतो आणि दुसऱ्या वाटेने घरी येतो. मला आता हाक ऐकू येते, पण ती नाल्याकडून आली की पांदणीकडून (शेतवाटेकडून) ते कळत नाही. त्यामुळे अंधार पडल्यावर मी वावरात थांबत नाही, आणि लाइन रात्रपाळीची असली की ओलिताला धाकट्या भावाला जावे लागते. बाजार समितीत लिलावाच्या गलक्यात ‘सात’ म्हणाले की ‘आठ’, हे मला समजत नाही, कारण उजव्या अंगाने आलेला ‘स’ त्या गलक्यात माझ्यापर्यंत नीट पोचत नाही. कापसाच्या भावात हा फरक क्विंटलमागे हजार रुपयांचा होतो. दुसरीकडे भांडे पडले, ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला की त्याच कानात कळ जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याच्या दोषासाठी दोन्ही कानांचा विचार होतो, त्यामुळे तिथूनही मला आधार नाही.

माझी पहिली मागणी माझ्यासाठी नाही. ज्यांनी ही तोफ घेतली त्या सगळ्यांना विक्रेत्यांमार्फत लगेच मराठीत कळवा की नळीच्या तोंडासमोर किंवा बाजूला वाकू नका, कानावर संरक्षक लावल्याशिवाय यंत्राला हात लावू नका आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. गावात पोरे कौतुकाने या तोफेभोवती जमतात, त्यांचे कान माझ्याहून कोवळे आहेत. त्यानंतर बटन नळीच्या मागच्या बाजूला घ्या, आणि सुरू केल्यावर पहिला बार माणूस दूर जाईपर्यंत होऊ नये अशी सोय करा. कानाचे संरक्षक प्रत्येक तोफेसोबत खोक्यातच द्या. फोनवर बसणाऱ्या तुमच्या माणसांना डॉक्टरचे काम करू नका असे सांगा.

माझ्यापुरते म्हणाल तर तोफेची किंमत, आतापर्यंतचा उपचारखर्च, पुढे श्रवणयंत्र लागल्यास त्याचा खर्च आणि झालेल्या इजेची भरपाई मला हवी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ नुसार बनावटीत दोष असेल, किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना आणि इशारा दिला नसेल, तर उत्पादक जबाबदार असतो. माझ्या प्रकरणात दोन्ही गोष्टी आहेत. तीस दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा करायची मुभा हाच कायदा देतो.

तोफ मी जशीच्या तशी कोठ्यात ठेवली आहे, सिलिंडर काढून. तुमचा तंत्रज्ञ माझ्यासमोर आणि विक्रेत्यासमोर ती तपासू शकतो. त्याआधी ती कोणाच्याही हवाली करणार नाही. सोबत बिल, माहितीपत्रक, ऑडिओमेट्रीचा अहवाल आणि औषधांच्या पावत्या यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. उत्तर फोनवर देऊ नका, कागदावर द्या.

आपला ग्राहक,
एक शेतकरी
तालुका सेलू, जिल्हा वर्धा