पॉवेलला सिनेमाने नाही, समीक्षकांनी संपवले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल पॉवेलवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांची भाषा छान आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण पॉवेलचा ‘पीपिंग टॉम’ ही हिचकॉकच्या ‘सायको’ची रंगीत नक्कल, हा शोध त्यांनी कोणत्या पंचांगातून लावला? ‘पीपिंग टॉम’ लंडनला लागला १९६० च्या एप्रिलमध्ये. ‘सायको’ न्यूयॉर्कला आला जूनमध्ये. अस्सल यायच्या आधीच नक्कल तयार, असा चमत्कार फक्त आपल्या पुरवणीत घडू शकतो. हिचकॉक आणि पॉवेल तर मूकपटांच्या काळापासूनचे स्नेही. पॉवेलने उमेदवारीत हिचकॉकच्या सेटवर स्थिरचित्रे काढली होती. असो.

माझा खरा आक्षेप ‘एका विकृत सिनेमाने थोर दिग्दर्शकाची कारकीर्द संपवली’ या वाक्याला आहे. सिनेमाने? ‘ब्लॅक नार्सिसस’, ‘द रेड शूज’ करणाऱ्या माणसाला समीक्षकांनी काही दिवसांत आडवा केला. ‘ट्रिब्यून’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या डेरेक हिल यांनी तर हा सिनेमा फावड्याने गोळा करून जवळच्या गटारात सोडावा, असा सल्ला दिला. वितरकांनी घाबरून तो उतरवला. हिचकॉक चतुर, त्याने ‘सायको’ समीक्षकांना आधी दाखवलाच नाही. बसा म्हणाला प्रेक्षकांबरोबर.

या जमातीवर माझा राग जुना आहे. आमच्या फिल्म सोसायटीत ‘पीपिंग टॉम’ दाखवला, तेव्हा एका दैनिकाचे समीक्षक (नाव लिहीत नाही, हयात आहेत) माझ्या शेजारी बसले होते. सुरुवातीला वहीत काहीबाही टिपत होते. मग सिनेमाचा नायक मार्क, बायकांचे खून करताना त्यांचे चित्रण करणारा, खालच्या मजल्यावरच्या हेलनला आपल्या लहानपणची फिल्म दाखवतो तो प्रसंग आला. पोरगा गाढ झोपलाय, बाप त्याच्या अंथरुणावर सरडा सोडतो, पोरगा किंचाळत उठतो, आणि कॅमेरा चालूच! त्यात बाप झालाय खुद्द पॉवेल आणि पोरगा त्याचा सख्खा मुलगा कोलंबा. माझ्या अंगावर काटा आला. महाशयांनी मात्र घड्याळ पाहिले, वही खिशात घातली आणि आमच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडले. हेलनची आंधळी आई मार्कच्या खोलीत येऊन बसते तो प्रसंग अजून यायचा होता. खालच्या खोलीतून रोज रात्री त्याच्या पावलांचा कानोसा घेणारी ती बाई! त्याला बरोबर ओळखणारी तीच, आणि महाशय तिच्या आधीच रिक्षात.

पुढच्या रविवारी परीक्षण छापून आले. त्यात ठळक वाक्य: ‘शेवट अपेक्षितच’. न पाहिलेला शेवट अनपेक्षित कसा वाटणार? मी त्या दैनिकाला सविस्तर पत्र लिहिले. छापले नाही. त्यांच्याकडे जागेची टंचाई असावी. महाशयांचे सदर मात्र पुढे अनेक वर्षे सुखाने चालले.

आता ‘कारकीर्द संपली’ याबद्दल. इंग्लंडने पॉवेलकडे पाठ फिरवली हे खरे, पण गडी बसून राहिला नाही. ऑस्ट्रेलियात जाऊन १९६६ आणि १९६९ मध्ये दोन सिनेमे केले, त्यातल्या दुसऱ्यात कोवळी हेलन मिरेन आहे. १९७९ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने खटपट करून ‘पीपिंग टॉम’ पुन्हा पडद्यावर आणला, तेव्हा न्यूयॉर्कने डोक्यावर घेतला. आपल्या लेखात स्कॉर्सेसीचे नावसुद्धा नाही! पॉवेल १९९० मध्ये गेले. सिनेमाला धोपटणाऱ्यांपैकी डिलिस पॉवेल बाईंनी (नात्यातल्या नव्हेत) १९९४ मध्ये लिहिले की ही कलाकृती श्रेष्ठ आहे, आणि मेल्यावर बोलायची सोय असलीच तर मायकेलला गाठून माफी मागीन. बाईंचा मोठेपणा मान्य. पण ज्याची माफी मागायची तो जाऊन चार वर्षे झाली होती.

आणि हो, ट्रायपॉडच्या पायात काय दडवले आहे हे आपल्या लेखकाने दुसऱ्याच परिच्छेदात फोडून टाकले. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी आता काय पाहायचे? मी इथे ते पुन्हा लिहिणार नाही, तेवढी सभ्यता आम्हा वाचकांकडे आहे.

निदान एप्रिल-जूनची दुरुस्ती तरी छापावी, आणि पहिल्या पानाच्या तळाशी नको, पुरवणीतच, त्याच जागी.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार

ता. क. : लेख पॉवेलवर आणि फोटो ‘सायको’तल्या न्हाणीघराचा, हे कसे? शिवाय गेल्या रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरे या वेळीही आली नाहीत. आडवे सतरा अजून अडले आहे.