सॉफ्टवेअर फुकट झालं, पण आमच्या जुन्या फाइलींचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उदगीरला माझं बावीस वर्षांपासून डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, शाळांची प्रगतिपत्रकं अशी कामं करतो. ‘अ‍ॅफिनिटी’ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर ३० ऑक्टोबर २०२५ला फुकट झालं, तेव्हापासून ओळखीचे लोक म्हणतात, “आता तुमचं भलं झालं.” मला मात्र धास्ती वाटली. ती का, ते लिहितो.

अ‍ॅडोबीनं मे २०१३मध्ये जाहीर केलं, की यापुढे फोटोशॉप, इनडिझाइन या त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विकत मिळणार नाहीत, वर्गणी भरून वापरायच्या. पुढच्याच वर्षी इंग्लंडातल्या सेरिफ कंपनीनं अ‍ॅफिनिटी डिझायनर आणलं. एकदा पैसे भरा आणि वापरत राहा, दरमहा काही नाही. आमच्यासारख्या छोट्या दुकानदाराला हीच गोष्ट पटली होती. मार्च २०२४मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हानं सेरिफ विकत घेतली. एकरकमी परवाना कायम मिळत राहील, असा शब्द तेव्हा दिला गेला. दीड वर्ष सरलं आणि डिझायनर आणि त्याची भावंडं फोटो, पब्लिशर ही तिन्ही सॉफ्टवेअरं एकत्र करून एकच नवं सॉफ्टवेअर आलं. फुकट आहे, पण कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं आणि एआयची साधनं हवी असतील तर कॅनव्हाची वर्गणी. आधीची आवृत्ती विकणं बंद. ज्यांनी ती घेतली आहे त्यांची चालू राहील, पण तिच्यात नवी सुधारणा होणार नाही.

फुकट मिळतंय त्यात वाईट काय, असं कुणीही विचारील. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल दुकानदाराला जाब विचारता येतो. फुकट दिलेलं उद्या बदललं, आवळलं, वर्गणीत घातलं, तर कुठल्या तोंडानं भांडायचं? आणि या नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणजे जाण्याचा रस्ता आहे, परतीचा नाही. आमच्या धंद्यात हे दुखणं जुनंच. लातूरला छपाईची प्लेट काढायला फाइल पाठवताना आजही फोनवर सांगणं असतं, “कोरल तेरामध्ये सेव्ह कर आणि कर्व्ह करून पाठव.” म्हणजे कोरलड्रॉच्या जुन्या तेराव्या आवृत्तीत, आणि अक्षरांच्या आकृत्या करून, तिकडे फॉन्ट नसला तरी बिघडू नये म्हणून. पानं जुळवायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ची, तरी कितीतरी वर्षं आमची दुकानं त्यावरच चालली. आम्हाला नवं शिकायचा कंटाळा आहे म्हणून नव्हे. मराठी मजकूर त्यात धड बसत होता म्हणून.

आमच्या भागात बरीच दुकानं चोरीच्या कॉपीवर चालली, हे मी लपवत नाही. मी स्वतः पतसंस्थेचं कर्ज काढून एका सॉफ्टवेअरचा रीतसर परवाना घेतला. ते कोणतं, ते इथे सांगत नाही. गेल्या लग्नसराईत ते मला न विचारता एका रात्रीत अपडेट झालं. दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली थोरल्या लेकीची २००६ची पत्रिका त्यांनी काउंटरवर ठेवली. “नातीची ह्याच्यासारखीच काढा. अक्षर बदलू नका बरं, आमच्या मालकीणबाईनं पसंत केलेलं हाय.” त्या बाई आता नाहीत.

फाइल माझ्याकडे होती. उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गिचका. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असतात, फॉन्ट सुटला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुना फॉन्ट पुन्हा लावला तेव्हा मराठी दिसायला लागलं, पण ‘सूर्यकांत’मधला रफार ‘य’वरून सरकून ‘का’वर जाऊन बसलेला आणि ‘श्रीमती’तला ‘श्र’ गायब, तिथे नुसता चौकोन. आजोबा पडद्याकडे बघत होते. मला मान वर करवेना. शेवटी काउंटरखालचा जुना संगणक काढला. त्याला मी इंटरनेट जोडतच नाही. त्यावर ती पत्रिका जशीच्या तशी उघडली. आजोबांनी प्रूफवरच्या नावांवरून एकेक बोट फिरवलं आणि मान डोलावली.

युनिकोड वापरा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेली पद्धत, असा सल्ला शहरातली मंडळी देतात. तो बरोबरच आहे आणि नवी कामं मी युनिकोडमध्येच करतो. पण युनिकोड आल्यानं सगळं मिटलं, असंही नाही. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा मजकूर जुळवायचा पर्याय निवडला नाही तर ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं विस्कटतात. ही खोच कुणी सांगितल्याशिवाय नव्या पोराला कळत नाही. जानेवारी २०२३पासून अ‍ॅडोबीनं टाइप-१ या जुन्या प्रकारच्या फॉन्टची सोय काढून घेतली, तेव्हा ज्यांचे मराठी फॉन्ट त्या प्रकारातले होते त्यांची पंचाईत झाली. बदल करणाऱ्यांच्या मनात देवनागरी असते का, असा प्रश्न मला वारंवार पडतो.

म्हणून कंपन्यांकडे, मग ती कोणतीही असो, आमचं मागणं आहे. अपडेट आमच्या होकाराशिवाय नको. विकलेली जुनी आवृत्ती नव्या संगणकावर घालता आली पाहिजे आणि त्यासाठी परवाना तपासणारा कंपनीचा सर्व्हर चालू राहिला पाहिजे. फाइल मागच्या आवृत्तीत सेव्ह करता यावी. आयटीआय आणि संगणक वर्गांनीही डीटीपी शिकवताना जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, ते शिकवावं. बटणं पाठ करून घेण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

काउंटरखालच्या त्या संगणकाची हार्ड डिस्क आता घरघर करायला लागली आहे. रात्री दुकान बंद केल्यावर मी एकेक फाइल काढून तिची पीडीएफ करतो, मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतो. आतापर्यंत २००९पर्यंत आलो आहे.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक,
उदगीर (जि. लातूर)