शहानिशेला वेळापत्रकात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीचे प्रकल्प तपासताना ४७ पैकी १९ वह्यांमध्ये एक शब्द मला पुन्हा पुन्हा भेटला. 'तापी नदी' या प्रकल्पात 'उगम', 'उपनद्या', 'धरणे' अशा प्रत्येक उपमथळ्यापुढे कंसात 'संपादन' असे लिहिलेले होते, आणि त्याखाली लाल स्केचपेनने दोन रेघाही मारलेल्या होत्या. मराठी विकिपीडियावर पानात बदल करण्यासाठी जो शब्द दाबायचा असतो, तो मुलांनी मजकुराचाच भाग समजून सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता. विचारल्यावर एक मुलगा अगदी सरळपणे म्हणाला, "सर, तठे तसंच लिखेल व्हतं."

मी चोपडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. त्या मुलाला रागे भरण्यात अर्थ नव्हता, कारण 'माहिती मिळवून लिहा' असे आम्ही त्याला पाचवीपासून सांगत आलो असलो, तरी ती माहिती कोणाची, केव्हाची, कशावरून सांगितलेली आणि दुसरे कोणी तसेच सांगते का, हे विचारायला आम्ही कोणत्याच तासाला शिकवलेले नाही. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र पाठ आहे. जर्मनीतील 'स्टर्न' या साप्ताहिकाला १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून मिळालेल्या रोजनिशा बनावट निघाल्या, हे त्यातले उदाहरणही उत्तम आहे. मात्र माध्यमांतून मिळणारी माहिती चिकित्सकपणे का घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर मुले गाइडमधून पाठ करतात आणि ते शब्दशः उतरवले की मीच त्यांना पूर्ण गुण देतो.

खान्देशाला ही शिकवण परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींतील कथने अस्सल पत्रांशी ताडून त्यांतल्या चुका दाखवून दिल्या होत्या. बखर जुनी आहे, रसाळ आहे, सर्वांच्या तोंडी आहे, एवढ्याने ती खरी ठरत नाही, हा त्यांचा आग्रह होता. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांनी जमवलेले दप्तर सांभाळणारे संशोधन मंडळ आजही त्याच शहरात आहे. त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, १ जुलै २०१८ रोजी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. तशा अर्थाचे संदेश त्याआधी अनेक दिवस मोबाइलवर फिरत होते. त्या प्रकारानंतर अडाणीपणाला बोल लावला गेला. पण संदेश पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना लिहिता-वाचता येत होते, हे आपण शिक्षकांनी तरी विसरू नये. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. कंपनीला जे करता आले ते तिने केले. शाळांच्या वेळापत्रकात मात्र त्यानंतरही काही बदललेले मला दिसले नाही.

अर्थात प्रत्येक गोष्ट खरी की खोटी अशा दोनच खणांत बसत नाही, आणि मुलांना शिकवण्याजोगे खरे तर तेच आहे. गेल्या उन्हाळ्यात केळीच्या फण्या पिंपातील पाण्यात बुडवून काढतानाची एक चित्रफीत आमच्या भागातील घराघरांत पोहोचली होती आणि तिच्याखाली 'केळी म्हणजे विष' असे लिहिलेले होते. ज्यांच्या घरचा संसार केळीवर चालतो तीच मुले वर्गात तावातावाने भांडू लागली, तेव्हा मी इतिहासाचा धडा बाजूला ठेवून तो तास त्या चित्रफितीला दिला. तिच्यात गावाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, बोलणाऱ्या माणसाचा चेहराही नव्हता. पाणी कशाचे, हे कोणी सांगितलेलेच नव्हते. मग आम्ही चित्रफीत सोडून नियमांकडे गेलो. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, इथिलीन वायूला दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे, आणि इथिफॉन या फळे पिकवणाऱ्या रसायनाच्या द्रावणात फळे थेट बुडवणे नियमात बसत नाही, एवढे सापडले. तेव्हा चित्रफितीतला प्रकार नियमबाह्य असू शकतो किंवा ती निव्वळ धुलाई असू शकते, पण त्यावरून सगळी केळी विषारी ठरत नाहीत, इथे येऊन मुले थांबली. ज्या मुलीच्या वडिलांची रावेरकडे बाग आहे ती म्हणाली, "म्हणजे नक्की सांगता येत नाही, असंच लिहायचं ना?" परीक्षेत या उत्तराला गुण कसे द्यायचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आमच्याकडे घरातील मोबाइल वाचून दाखवण्याचे काम बहुधा शाळकरी मुलाकडेच असते. पीकविम्याचा अर्ज, केळीचे भाव, योजनेच्या नावाने आलेली एपीके (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी) फाइल, हे सारे आधी त्याच्याच हाताखालून जाते. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो की नाही, एवढे पाहायची सवय त्याला लागली, तरी घरातली एखादी फसवणूक टळू शकेल.

यासाठी नवा विषय मात्र नको, कारण नवा विषय म्हटला की नवे पुस्तक, नवे गाइड आणि नवे अपेक्षित प्रश्न ओघाने आलेच. राज्यात नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके टप्प्याटप्प्याने येत आहेत, तेव्हा आहे त्याच विषयांत हे काम पेरता येईल. पाचवी-सहावीत अनुक्रमणिका, सूची आणि शब्दकोश हाताळणे, सातवी-आठवीत एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत ताडून पाहणे, नववी-दहावीत प्रकल्पाच्या गुणांपैकी निम्मे गुण मजकुराला न देता तो कोठून आणला व कसा पडताळला याच्या नोंदीला देणे, असे काही करता येईल. केरळमध्ये कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्येच सरकारी शाळांतून 'सत्यमेव जयते' या नावाने असे वर्ग घेतले होते.

वाचनालयाचा प्रश्न मी यापासून वेगळा मानत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व पुस्तके असलेले ग्रंथालय असावे असे नमूद आहे, आणि समग्र शिक्षा अभियानातून त्यासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूदही आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट असते, आणि लहान शाळांना ग्रंथपालाचे पद मिळत नसल्याने त्याची किल्ली ज्याच्याकडे, तोच ग्रंथपाल. दोन स्रोत ताडून पाहा म्हणायचे, तर मुलांच्या हाती दुसरा स्रोत तरी असायला हवा.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाविषयी लिहिताना मात्र माझा हात थोडा अडखळतो. दोन पावसाळ्यांपूर्वी 'अतिवृष्टीमुळे उद्या शाळांना सुट्टी' असे सही-शिक्क्याचे पत्र मीच पालकांच्या गटावर टाकले होते. ते दुसऱ्या जिल्ह्याचे आणि आदल्या वर्षीचे होते, हे वरच्या कोपऱ्यात स्पष्ट छापलेले असूनही मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा होता.

शेवटी एक विनंती आपल्यालाही करावीशी वाटते. बातमी आणि जाहिरात यांतला फरक ओळखण्याचा सराव आम्ही वर्गात वर्तमानपत्रांवरच घेतो. गेल्या महिन्यात एका अंकातील बातमीसारख्याच मांडणीच्या पानावर 'जाहिरात' हा शब्द शोधायला मुलांना प्रयोगशाळेतून भिंग आणावे लागले. तो शब्द आपल्या दैनिकात मथळ्याच्या निम्म्या आकारात तरी छापला जावा.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक,
ता. चोपडा, जि. जळगाव