पबमधल्या रेकॉर्डिंगच्या वेळी बार सांभाळणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या काउंटी क्लेअर भागातल्या तुमच्या पबमध्ये आयरिश लोकगीतांचा लाइव्ह अल्बम झाला, तो लोकांना आवडतोय. आवाज स्वच्छ आहे आणि तरीही पब पबच वाटतो, असं ऐकणारे म्हणतात. त्याचं श्रेय ते माइकला देतात. माइक चांगले होते हे खरं, पण निम्मं काम बारच्या आतल्या बाजूने झालं आणि ते तुम्ही केलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण आपल्याकडे घरगुती बैठका रेकॉर्ड करणारे पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत आणि त्याने काय साधलं, हे त्यांना तपशिलात कळलं तर उपयोग होईल.

सगळ्यात मोठी मदत म्हणजे बसण्याच्या जागांचा तुम्ही काढून दिलेला नकाशा. पबमधल्या गाण्याला स्टेज नसतं. नोबल कॉलची रीतच अशी, की ज्याचं गाणं संपलं त्याने पुढच्याला पुकारायचं. त्यामुळे पुढचं गाणं कुठल्या कोपऱ्यातून येणार, हे दहा सेकंद आधीही कळत नाही. शान-नोस, म्हणजे आयरिश गायनाची जुनी पद्धत, गाणारा तर बसल्या जागेवरूनच गातो. साथीला वाद्य नाही, डोळे मिटलेले, कधी शेजाऱ्याचा हात हातात, कधी तोंड भिंतीकडे. अशा माणसाला उठवून माइकपुढे आणलं की गळ्यातल्या बारीक हरकती तिथेच जातात. तुम्ही ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर पेनाने लिहून दिलंत: शेकोटीच्या उजव्या बाकावर कोण बसतं, खिडकीतले आजोबा बिअरचा दुसरा पाइंट (मोठा ग्लास) संपल्याशिवाय गात नाहीत, दाराजवळच्या बाई फक्त धृपदाला आवाज लावतात. पबमध्ये रोज उभं राहणाऱ्यालाच हे ठाऊक असतं.

त्या चकत्यांवरून तीन कोपऱ्यांत छोटे कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारे) आधीच छताच्या तुळयांना क्लॅम्पने लावता आले, तोंडापासून साठ-सत्तर सेंटिमीटर, थोडे वरून. खोलीच्या मधोमध मुख्य जोडी ओआरटीएफ पद्धतीने: दोन कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे), मध्ये 17 सेंटिमीटर अंतर, कोन 110 अंश. सगळे माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर. मिक्सिंग करताना कोपऱ्यातला माइक या जोडीशी वेळेत जुळवावा लागतो. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. गायक मुख्य जोडीपासून पाच मीटरवर असेल, तर जवळच्या माइकचा ट्रॅक साधारण 13 मिलिसेकंदांनी मागे सरकवायचा. नाहीतर शब्दांची धार बोथट होते. जागा आधीच माहीत असल्याने ही अंतरं टेपने मोजून ठेवता आली.

आता गुणगुणीचं. आयर्लंडमध्ये वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची आणि दिवे मंद करणाऱ्या डिमरची गुणगुण 50, 100, 150 अशा पटींत येते. नंतर फिल्टरने काढून टाकू, असं पुष्कळांना वाटतं. इलन पाइप्स (कोपराने भाता दाबून वाजवायचं आयरिश वाद्य) वाजत असतील तर ते जमत नाही. डी स्वरात लावलेल्या पाइप्सचा बॅरिटोन ड्रोन, म्हणजे सतत चालू राहणारा मधला सूर, सुमारे 147 हर्ट्झवर असतो. 150 वर कापायला गेलं की ड्रोन सोलवटून निघतो, आणि न कापलं तर दोन्ही स्वर एकमेकांवर हेलकावत राहतात. म्हणून आवाज मुळातच बंद करावा लागतो. तुम्ही बाटल्यांचे फ्रिज प्रत्येक पाऊण तासाच्या सेटपुरते बंद केलेत आणि मध्यंतरात चालू केलेत. दार उघडलं नाही तर तेवढ्या वेळात बाटल्या तापत नाहीत. बर्फाचं मशीन आधीच रिकामं करून थर्मासच्या डब्यात बर्फ भरलात. तळघरातला केगचा (बिअरच्या पिंपांचा) चिलर मात्र चालू ठेवलात, तेही बरोबरच, कारण स्टाउट (काळी बिअर) कोमट झाली की नळातून नुसता फेस येतो. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायची रेकॉर्डिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे. तुम्ही पबच्या दाराच्याच किल्ल्या ठेवल्यात. डिमर पूर्ण वर नेऊन नको ते दिवे काढून टाकलेत, त्याने तारांतली करकर गेली. आणि स्वच्छतागृहातला हात वाळवायचा ब्लोअर! तो भिंतीपलीकडून थेट रेकॉर्डिंगमध्ये येतो आणि नेमका संथ गाण्यातच सुरू होतो. तुम्ही त्याचा स्विच काढून तिथे कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवलात.

गिनीस ही स्टाउट ओतण्याची तुमची पद्धत तर प्रत्येक ध्वनिमुद्रकाने पाहावी. ग्लास 45 अंशांत तिरका, पाऊण भरायचा, खाली बसू द्यायचा, मग वरचा भाग. कंपनीच्या हिशोबाने हे सगळं 119.5 सेकंदांचं काम. तुम्ही पहिला ओत गाणं सुरू होण्याआधी आणि वरचा ओत टाळ्यांनंतर, असं बसवलंत. पण दहा कडव्यांचं लांब गाणं असेल तर अर्धे ग्लास ठेवून चालत नाही, फेस मरतो. म्हणून कोण गाणार हे बघून तुम्ही त्या वेळी ओतणंच थांबवलंत. गल्ल्याचा ड्रॉवर अर्धा उघडा ठेवलात, म्हणजे खटका नाही. टेबलांवर पुठ्ठ्याच्या चकत्या दुप्पट टाकल्यात. बारचे जाड टॉवेल घडी करून माइक स्टँडच्या पायांखाली दिलेत. वादक पायाने ताल धरतात, लाकडी फरशीतून तो ठोका स्टँडवर चढतो. टॉवेलने तो जवळजवळ गेला, आणि पायांचा खरा आवाज हवेतून आला तेवढा राहिला.

टाळ्या संपल्यावरची दोन-तीन सेकंदं तुम्ही दर वेळी मोकळी सोडलीत. शान-नोसमध्ये शेवटचे शब्द पुष्कळदा गात नाहीत, बोलतात. मग एक क्षण काही नाही, मग टाळ्या. टाळ्यांची शेपटी स्वच्छ मिळाली तरच एका गाण्यातून दुसऱ्यात हळूच जाता येतं. तिथे ग्लास गोळा करायचा खणखणाट आला की कट कानाला टोचतो. शिवाय पब भरलेला असताना, सगळे बसल्या जागी असताना, खोलीचा नुसता आवाज दोन मिनिटं घेऊ दिलात. दोन तुकड्यांमधली फट बुजवायला तोच लागतो. रिकाम्या पबचा चालत नाही, माणसं आवाज शोषतात आणि खोली बदलते.

तरीही तुम्ही पब मुका केला नाहीत, आणि हा निर्णय तुमचा होता. रील-जिग, म्हणजे नाचाच्या नुसत्या वाजवायच्या ट्यून, चालू असताना गप्पा चालू दिल्यात, गाण्याच्या वेळी एकदाच ‘क्यूनस’ (आयरिशमध्ये ‘शांतता’) म्हणालात. 1968 मध्ये टॉपिक या कंपनीने काढलेली, लंडनच्या हॉलोवेमधल्या फेव्हरिट पबमधली ‘पॅडी इन द स्मोक’ ही रेकॉर्ड आजही ऐकली जाते. तीत वादनाइतकाच पबही आहे.

दाराचं काम वेगळंच. 29 मार्च 2004 पासून आयर्लंडमध्ये पबच्या आत सिगारेट बंद, त्यामुळे ओढणारे सारखे बाहेर-आत करतात. तुम्ही बिजागरीला तेल घातलंत, कडीला नमद्याची पट्टी लावलीत, आणि बाहेर जायचं ते ट्यून चालू असताना, गाण्यात नाही, असं दाराशी माणूस बसवून सांगितलंत. ओले कोट मागच्या खोलीत ठेवलेत. बाउरान या आयरिश डफाचं कातडं बकरीचं असतं, दमट हवेत सैल पडतं आणि ठोका बसका येतो. शेकोटीत लाकडाऐवजी पीट (दलदलीतली वाळवलेली माती) घातलंत, ते तडतडत नाही.

चोवीस बिट, 48 किलोहर्ट्झ, आठ ट्रॅक म्हणजे तासाला चार जीबीच्या वर डेटा. पुष्कळ रेकॉर्डर चार जीबीला फाइल तोडतात. म्हणून दर मध्यंतरात नवी फाइल सुरू करायची होती आणि तिची आठवण तुम्हीच केलीत. शुक्रवार-शनिवारी रात्री साडेबाराला बार बंद, वर अर्धा तास ग्लास संपवायला, हे कायद्याने ठरलेलं. चांगली गाणी नेमकी उशिरा येतात, म्हणून ट्यूनचे सेट तुम्ही आधी उरकून घ्यायला लावलेत.

आणि तो गल्ल्याचा कागदाचा रोल. वेळ, कुठल्या बाकावरचा गायक, पहिली ओळ, अशी प्रत्येक गाण्याची नोंद तुमच्या अक्षरात. हक्कांच्या कामात याच रोलने वाचवलं. लोकगीत म्हणून गायलं जाणारं सगळंच पारंपरिक नसतं. ‘द फील्ड्स ऑफ अ‍ॅथेनराय’ पीट सेंट जॉन यांचं, 1970 च्या दशकातलं. ‘डर्टी ओल्ड टाउन’ इवन मॅकॉल यांनी 1949 मध्ये लिहिलं, तेही इंग्लंडमधल्या सॅलफर्डवर. अशा गाण्यांना ‘पारंपरिक’ लिहून चालत नाही, परवाना घ्यावा लागतो. रोलवरून अशी गाणी वेगळी काढता आली. गायकांच्या संमतीच्या चिठ्ठ्याही वेळेशी जुळवता आल्या.

रोलची छायाप्रत अल्बमच्या एका प्रतीसोबत डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधल्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हला देत आहोत. मूळ रोल तुमचा आहे, तो प्लास्टिकच्या नळीत घालून तुमच्या प्रतींबरोबर पाठवतोय. थर्मल कागद आहे, उन्हात आणि शेकोटीजवळ ठेवू नका, उष्णतेने कागद काळा पडतो आणि अक्षर दिसेनासं होतं.

आपली कृतज्ञ,
रेकॉर्डिंगची मंडळी