पटावरची मुले आणि मानकऱ्यांची यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधील जुन्या शाळा आणि त्यांचे नामवंत माजी विद्यार्थी यांच्यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख आस्थेने वाचला. ईटनने देशाला दिलेले २० पंतप्रधान, हॅरोमध्ये शिकलेले चर्चिल आणि पंडित नेहरू ही सगळी माहिती खरी आहे आणि ती वाचताना कौतुकही वाटते. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या आयुष्याबद्दल लिहिताना केवळ मानकऱ्यांची यादी दिली, तर शाळेने त्या मुलांसाठी नेमके काय केले, हे वाचकाला कळत नाही. ईटनमधून पंतप्रधानपदापर्यंत पोहोचलेल्या बहुतेकांच्या घरी जमीनजुमला, पैसा आणि वजनदार ओळखी आधीपासूनच होत्या. त्यांच्या यशातला शाळेचा वाटा वेगळा काढून दाखवणे कोणालाच जमण्यासारखे नाही. तो पाहायचा असेल, तर ज्या शाळेत मुले रिकाम्या हाताने आली, अशा शाळेकडे गेले पाहिजे. माझ्या मते त्यासाठी क्राइस्ट्स हॉस्पिटलसारखे दुसरे उदाहरण नाही, आणि आपल्या लेखात तिचा उल्लेखही नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

नावातल्या ‘हॉस्पिटल’ या शब्दाने गैरसमज होऊ नये; त्या काळी त्याचा अर्थ निराधारांचे आश्रयस्थान असा होता. १५५२ साली लंडनच्या न्यूगेट भागातील ग्रेफ्रायर्स या रिकाम्या झालेल्या मठात शहरातील ३८० अनाथ आणि गरीब मुलामुलींना आणून ही संस्था सुरू झाली. सहाव्या एडवर्ड राजाने १५५३ च्या जूनमध्ये तिच्या सनदेवर सही केली आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच तो वारला. लांब निळा कोट, कमरेला चामडी पट्टा आणि पिवळे मोजे हा त्या मुलांचा वेश आजही तसाच आहे. मला मात्र त्या वेशापेक्षा शाळेच्या जुन्या नोंदवह्या अधिक मोलाच्या वाटतात. मूल कोणाचे, त्याचा बाप कोणता धंदा करत होता, ते कोणत्या पॅरिशमधून, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीतून आले, याबरोबरच ते कधी बाहेर पडले आणि कोणाच्या हवाली केले गेले, याचीही नोंद त्यांत होत असे. अमका मुलगा अमक्या कारागिराकडे उमेदवारीला, तमका अमक्या जहाजाच्या कप्तानाकडे, असा प्रत्येकाच्या पुढच्या वाटेचा निदान पहिला टप्पा तिथे लिहिलेला सापडतो. पुढे नाव होणार की नाही, याचा विचार न करता प्रत्येकाला एक ओळ मिळालेली आहे.

या मुलांनी काय व्हायचे, हे मात्र बरेचसे त्यांना पोसणाऱ्यांच्या गरजेवर ठरत होते. दुसऱ्या चार्ल्सने १६७३ साली शाळेत ४० मुलांसाठी गणिताची स्वतंत्र शाखा स्थापन केली, ती राज्याला नौकानयन जाणणारे तरुण हवे होते म्हणून. रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेला आणि नौदलाचा कारभार सांभाळणारा सॅम्युअल पीप्स या शाखेच्या मागे हट्टाने उभा होता, आणि १६९४ साली तिच्या अभ्यासक्रमावर खुद्द न्यूटनचे मत मागवण्यात आले होते. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत खगोलवेत्ता म्हणून गेलेला विल्यम वेल्स पुढे याच मुलांना गणित शिकवत असे. खांद्यावर बिल्ला लावलेली ही मुले सोळाव्या वर्षाच्या सुमारास जहाजावर चढत. त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाच्या स्मरणात नाहीत. पण चौकोनी शिडांच्या जहाजावर अक्षांश काढणारा जो पोरसवदा अधिकारी त्या शतकातल्या समुद्रावर होता, तो काही प्रमाणात या वर्गातून तयार झाला होता. शाळेच्या कामगिरीचा हा भाग यादीत मावत नाही.

यादीत हमखास येणारी दोन नावे म्हणजे कवी कोलरिज आणि निबंधकार चार्ल्स लॅम. दोघेही १७८२ साली दाखल झाले. कोलरिज हा डेव्हनमधल्या एका पाद्र्याचा मुलगा. वडील आदल्याच वर्षी गेले होते आणि लंडनमध्ये हक्काने जावे असे घर त्याला नव्हते. लॅमचे आईवडील शहरातच, टेंपल या वकिलांच्या वसाहतीच्या आवारात राहत होते. वडील एका वकिलाकडे नोकरीला होते. लॅमने पुढे कोलरिजला लिहिलेल्या एका पत्रात आपल्या म्हाताऱ्या आत्याची आठवण सांगितली आहे. ती शाळेत यायची, कोळशाच्या खोलीच्या पायरीवर बसायची आणि पदरासारखा धरलेला एप्रन उघडून त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या चांगल्याचुंगल्या खाऊचे भांडे बाहेर काढायची. आणि त्या मुलाला तिची लाज वाटायची. आत्या मरणशय्येवर असताना लिहिलेल्या या ओळी मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्या पायरीपासून जरा दूर, घरून कोणीच न येणारी, शाळेच्या तुटपुंज्या जेवणावर राहणारी मुले मला दिसू लागतात. कोलरिज त्यांच्यातला होता.

त्याच कोलरिजने एकदा जवळच्या एका चांभाराकडे उमेदवारीला जायचे ठरवले होते. चांभार आणि त्याची बायको माणसे मायाळू होती, एवढेच त्यामागचे कारण. चांभार रीतसर परवानगी मागायला आला, तेव्हा हेडमास्तर बॉयर यांनी त्याला खोलीबाहेर काढले, अशी हकीकत कोलरिजनेच उतारवयात सांगितलेली आहे. बॉयर मारकुटे म्हणून बदनाम होते आणि त्यांच्या छडीचे समर्थन मी करणार नाही. पण या मुलाला ग्रीक शिकवून विद्यापीठात पाठवायचेच, हा त्यांचा निश्चय नसता, तर नोंदवहीतली ती ओळ वेगळी झाली असती. कोलरिज ‘ग्रीशियन’ झाला, म्हणजे वरच्या वर्गातल्या निवडक मुलांत गेला, आणि १७९१ साली केंब्रिजला रवाना झाला. तेथे त्याने पदवी घेतली नाही, मधेच खोटे नाव सांगून घोडदळात भरती झाला, हा पुढचा भाग वेगळा.

लॅम मात्र ग्रीशियन झाला नाही. बुद्धीत तो कमी नव्हता. तो बोलताना अडखळत असे. ग्रीशियन मुलांनी पुढे धर्मपीठाच्या सेवेत जावे अशी अपेक्षा असल्यामुळे अडखळणाऱ्या मुलाला तो रस्ता बंद होता. काही वर्षांनी आलेल्या ली हंटचीही वाट याच कारणाने अडली. हंट पत्रकार झाला आणि युवराजावर केलेल्या टीकेसाठी १८१३ ते १८१५ अशी दोन वर्षे तुरुंगात बसला. लॅम चौदाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला आणि १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील कचेरीत कारकून म्हणून चिकटला. पहिली तीन वर्षे त्याला पगारसुद्धा नव्हता. १८२५ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षे, तो तिथे हिशेब लिहीत राहिला. त्या ३३ वर्षांत इकडे पेशवाई बुडाली आणि कंपनीच्या पसाऱ्याचे आकडे लिहिणाऱ्या कारकुनांत हा निबंधकार होता, हे आपल्या वाचकांना सांगण्यासारखे आहे. १७९६ साली वेडाच्या भरात त्याच्या बहिणीच्या, मेरीच्या, हातून आईचा खून झाला आणि लॅमने आयुष्यभर त्या बहिणीला सांभाळले. त्याच बहिणीबरोबर त्याने मुलांसाठी शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी लिहिल्या. ‘क्राइस्ट्स हॉस्पिटलने लॅमसारखा निबंधकार दिला’ एवढेच लिहिले, की शाळेने त्याला काय दिले आणि कशासाठी नाकारले, या दोन्ही गोष्टी एकदमच पुसल्या जातात.

कंपनी आणि साम्राज्याच्या नोकरीत गेलेले इतरही होते. कायदेपंडित हेन्री मेन १८६२ ते १८६९ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेविषयक सदस्य होते, तर १८७९ च्या सप्टेंबरमध्ये काबूलमध्ये मारले गेलेले ब्रिटिश वकील कॅव्हान्यारी हेही याच शाळेचे.

विसाव्या शतकातील दोन हकिकती थोड्या विस्ताराने सांगतो. शाळा १९०२ साली लंडन सोडून ससेक्समधील हॉर्शमजवळ गेली. विज्ञान पाठ करून न शिकता स्वतः प्रयोग करून शोधत शिकायचे, ही रसायनशास्त्रज्ञ आर्मस्ट्राँग यांची पद्धत तिथे अमलात आली होती आणि पुढे अभियंता झालेले बार्न्स वॉलिस त्या पद्धतीने शिकले. सतराव्या वर्षी शाळा सोडून ते थेट कारखान्यात कामाला लागले. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाची बहिःस्थ परीक्षा देऊन मिळवली. पाण्यावर टप्पे घेत जाणारा बॉम्ब त्यांनी तयार केला आणि १९४३ च्या मे महिन्यात जर्मनीतील धरणांवर तो टाकला गेला. त्या एका रात्री हल्ल्यावर गेलेल्या हवाई दलाच्या १३३ जणांपैकी ५३ जण मारले गेले, आणि पुराच्या लोंढ्यात खालच्या खोऱ्यातील हजाराहून अधिक माणसे बुडाली. आपल्या माणसांच्या मृत्यूचे ओझे वॉलिस यांच्या मनावरून कधी उतरले नाही. १९५१ साली सरकारने संशोधनाबद्दल १०,००० पौंड दिले, तेव्हा ती सर्व रक्कम त्यांनी आपल्या शाळेला दिली. सेवेत असताना मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्या हवाई दलातील लोकांच्या मुलांना तिथे शिकता यावे म्हणून. या शाळेत निरोप घेणाऱ्या मुलांना एक आज्ञा ऐकवली जाते. येथे मिळालेला लाभ विसरू नका आणि आपल्या ऐपतीप्रमाणे तो इतरांनाही मिळेल असे करा, असा तिचा आशय आहे. वॉलिस यांनी ती अक्षरशः पाळली.

दुसरी हकिकत कवी एडमंड ब्लंडन यांची. पहिल्या महायुद्धातील खंदकांतून ते जिवंत परतले आणि ज्या लॅम व हंट यांचा निळा कोट त्यांनीही घातला होता, त्यांच्यावर पुढे आस्थेने लिहीत राहिले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात शिकवताना त्यांच्या हाताखाली याच शाळेचा एक मुलगा आला. कीथ डग्लस त्याचे नाव. वडील घर सोडून गेलेले, आई पैशांच्या ओढगस्तीत, अशा घरातून तो शाळेत आला होता. तोही कवी होता आणि त्याच्याही वाट्याला युद्ध आले. ९ जून १९४४ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी, तो नॉर्मंडीत मारला गेला. गुरू एका युद्धातून वाचला आणि शिष्य दुसऱ्यातून नाही. दोघांची नावे माजी विद्यार्थ्यांच्या यादीत एकाखाली एक, सारख्याच अक्षरात छापली जातात.

आणखी एक गोष्ट नमूद करतो. या शाळेत पहिल्या दिवसापासून मुली होत्या. त्यांना वाचायला आणि शिवायला शिकवून मोठ्या संख्येने घरकामाच्या नोकरीत पाठवले जाई. पुढे त्यांची शाळा हर्टफर्डला वेगळी झाली आणि १९८५ साली पुन्हा मुलांच्या शाळेत मिळवण्यात आली. जुन्या शतकांतील नामवंतांच्या कोणत्याही यादीत त्या जवळजवळ नाहीतच; नोंदवहीत मात्र त्यांचे नाव, बापाचा धंदा आणि कोणाच्या घरी कामाला गेली, हे मुलांच्या बरोबरीने लिहिलेले आहे.

म्हणून माझी विनंती अशी, की या विषयावर पुढे लेख येईल तेव्हा प्रत्येक नावासमोर तो विद्यार्थी शाळेत कसा आला, कोणाच्या पैशावर शिकला आणि तिथून निघताना त्याला कुठे पाठवले गेले, एवढ्या तीन गोष्टी तरी द्याव्यात. त्यासाठी दहा नावे कमी करावी लागली तरी हरकत नाही.

आपला नम्र,
एक वाचक